पाणीपट्टी आणि सांडपाणी आकार कसे ठरवावेत: खर्चाच्या वहीपासून बिलापर्यंत

गेल्या वर्षीच्या दरावर दहा टक्के चढवले आणि ठराव मंजूर केला, याला दरनिश्चिती म्हणत नाहीत. जुना दर कोणी, कधी, कोणत्या हिशेबाने ठरवला होता हे कुणालाच आठवत नसतं. त्यात एखाद्या जुन्या निवडणुकीची धास्ती मुरलेली असते, एखाद्या मोठ्या ग्राहकाला दिलेली सूट दडलेली असते, आणि सरसकट वाढ केली की या सगळ्या चुकाही तेवढ्याच टक्क्यांनी फुगतात.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: पाणीपुरवठा वा लेखा विभागात बसून दरपत्रक तयार करणारे, सभागृहात त्यावर हात वर करणारे, आणि बिल हातात घेऊन ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारणारे. माझा आग्रह एकच आहे. दरपत्रकातल्या प्रत्येक आकड्यामागे खर्चाचा आकडा दाखवता आला पाहिजे. जिथे दर मुद्दाम कमी ठेवला आहे तिथे ती सवलत किती, कुणाला आणि तिचे पैसे कोण भरतं, हे उघडपणे लिहिलेलं असलं पाहिजे.

आधी वही वेगळी करा

पाण्याचा जमाखर्च सर्वसाधारण निधीत मिसळलेला असेल तर पुढची कोणतीही पायरी धड पार पडत नाही. पंपांचं वीजबिल सर्वसाधारण निधीतून भरलं जातं, उलट रस्तेझाडणीचे कर्मचारी पाणी विभागाच्या पगारपत्रकावर असतात, कर्जाचे हप्ते तिसऱ्याच शीर्षाखाली पडतात. मग पाणी महाग पडतं की स्वस्त, हे कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून पाणी आणि सांडपाणी अशी दोन स्वतंत्र खाती उघडा. दोन्ही एकत्र ठेवण्याचा मोह टाळा, कारण दोन्हींच्या खर्चाची कारणं वेगळी आहेत. लेखा, संगणक, कायदा असे सामायिक विभाग कोणत्या प्रमाणात वाटायचे ते एकदा लेखी ठरवा आणि दरवर्षी तेच सूत्र वापरा.

नागरी संस्थेचं स्वतःचं पाणी बहुधा विसरलं जातं. बागा, दवाखाने, शाळा, कार्यालयं यांना फुकट पाणी दिलं जात असेल, तर तिथेही मीटर बसवा आणि त्याचं बिल काढा. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातील, हे खरं. पण त्या पाण्याचा खर्च तोवर सामान्य ग्राहक आपल्या बिलातून नकळत भरत असतो, आणि बागेचा गळका नळ दुरुस्त करायची कुणालाच घाई नसते.

वर्षाला एकूण किती रक्कम लागते

ही रक्कम काढायच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिलीत वर्षभरात प्रत्यक्ष हातातून जाणारा पैसा मोजतात: पगार, वीज, रसायनं, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते, महसुलातून होणारी भांडवली कामं आणि राखीव निधीत टाकायची रक्कम. दुसरीत चालू खर्चात घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी धरायची रक्कम) आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा मिळवतात. सार्वजनिक संस्थांना सहसा पहिली सोयीची पडते, कारण कर्ज देणारेही रोख रकमेकडेच बघतात. खासगी कंपन्यांवर नियामक असतो तिथे दुसरी चालते.

कोणतीही पद्धत घ्या, फसगत एकाच ठिकाणी होते: वाहिन्या आणि यंत्रं बदलण्यासाठी लागणारा पैसा. पंप साधारण १५ ते २० वर्षांत बदलावा लागतो. जमिनीखालची वाहिनी ५० वर्षं, कधी कधी त्याहून बरीच जास्त टिकते. त्यामुळे कोणत्याही एका वर्षी नूतनीकरणाला पैसे नाही ठेवले तरी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ते कुणी ठेवत नाही. मग एका पिढीने घातलेल्या वाहिन्या पुढच्या पिढीच्या डोक्यावर एकदम फुटायला लागतात. जुन्या खरेदी किमतीवर काढलेला घसाराही इथे अपुरा पडतो, कारण नवी वाहिनी आजच्या भावाने घ्यावी लागते. मालमत्तांची यादी करा. प्रत्येकीसमोर वय, उरलेलं आयुष्य आणि आजची बदली किंमत लिहा, आणि त्यावरून वर्षाला सरासरी किती बाजूला टाकायला हवं ते काढा.

अनुदानातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा घसारा दरात धरावा का, यावर लेखापालांमध्ये मतभेद आहेत. ग्राहकाने जे विकत घेतलंच नाही त्याचे पैसे का द्यावेत, हा एका बाजूचा मुद्दा. मला दुसरी बाजू पटते: अनुदानातून आलेला पंपही तितक्याच वर्षांत झिजतो, आणि पुढच्या वेळी अनुदान मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. निदान बदलीपुरती रक्कम धरावीच.

कर्ज असेल तर फक्त हप्त्याइतका पैसा उरून चालत नाही. चालू खर्च भागवून उरलेली रक्कम वार्षिक हप्त्याच्या सव्वापट असावी, अशी अट कर्जरोख्यांच्या करारांत बऱ्याचदा असते. शिवाय काही महिन्यांचा चालू खर्च भागेल एवढा राखीव निधी ठेवा. कोरड्या वर्षी विक्री घटते किंवा मोठा पंप जळतो, तेव्हा हाच निधी मधल्याच महिन्यात दरवाढ करण्याची नामुष्की टाळतो.

हे सगळं येत्या तीन ते पाच वर्षांसाठी मांडा. प्रत्येक शीर्ष वेगळ्या वेगाने वाढवा. वीज, पगार आणि तुरटी-क्लोरीन सरसकट एकाच महागाईच्या टक्क्याने वाढवली की अंदाज पहिल्याच वर्षी चुकतो. शेवटी नवीन जोडणीचं शुल्क, विलंब आकार, ठेवींवरचं व्याज अशी इतर जमा वजा करा. उरते ती रक्कम दरांतून यायला हवी. पुढच्या उदाहरणांसाठी ती १०० भाग धरू.

किती पाणी विकलं जातं, आणि किती पैसे खरंच येतात

समजा शुद्धीकरण केंद्रातून १०० माप पाणी निघतं. सगळं विकलं गेलं आणि सगळी बिलं भरली गेली, तर दर मापामागे १ येतो. पण ३५ माप पाणी गळतीत, चोरीत आणि बंद मीटरमध्ये गेलं, तर विक्री ६५ मापांचीच होते आणि दर १.५४ होतो. त्या बिलांपैकीही ९० टक्केच वसूल झाली तर पैसे ५८.५ मापांचेच येतात, म्हणजे दर १.७१. पाणी तेच, पंप तेच, पगार तेच, पण नियमित बिल भरणाऱ्याने जवळजवळ पाऊणपट जास्त द्यायचं. लोक दरवाढीवर चिडतात तेव्हा बऱ्याचदा ते याच फरकावर चिडलेले असतात, आणि ते बरोबर असतात.

इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनच्या जलताळेबंदात बिनमहसुली पाण्याचे, म्हणजे पुरवठ्यात सोडूनही ज्याचं बिल होत नाही त्या पाण्याचे, तीन भाग करतात: परवानगीचं पण बिल न होणारं पाणी, मीटरच्या चुका आणि चोरीमुळे दिसणारी तूट, आणि वाहिन्यांतून खरोखर झिरपणारं पाणी. दरासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. झिरपलेल्या पाण्याची किंमत उत्पादनखर्चाने धरायची, कारण ते वाचलं तर वीज आणि रसायनं वाचतात. चोरी वा मंद मीटरमधून गेलेल्या पाण्याची किंमत विक्रीच्या दराने धरायची, कारण ते कुणीतरी वापरलेलंच आहे, फक्त पैसे आलेले नाहीत. त्यामुळे मोठ्या ग्राहकांचे जुने मीटर बदलणं हे बहुधा सगळ्यात लवकर पैसे परत देणारं काम ठरतं.

कंबोडियाच्या राजधानीचं, नॉम पेन्हचं उदाहरण या बाबतीत जगभर दिलं जातं. १९९३ मध्ये तिथलं ७२ टक्के पाणी बिनमहसुली होतं. ‘एक सोन चान’ (Ek Sonn Chan) यांच्या नेतृत्वाखालच्या पाणी प्राधिकरणाने प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, ग्राहकांची यादी नव्याने तयार केली, बडी धेंडं आणि सरकारी कार्यालयं यांच्याकडूनही वसुली केली आणि गळत्या काढल्या. पुढे हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं. दर तिथेही वाढले, पण वसुली आणि सेवा सुधारत असताना वाढले. दर आधी वाढवून सुधारणा नंतर बघू, असा क्रम लावला की विश्वास उडतो.

आता मीटर-वाचनाची नोंदवही उघडा आणि निदान दोन वर्षांच्या नोंदी चाळा. ‘शून्य’ वापर दाखवणाऱ्या चालू जोडण्या किती? सलग चार महिने एकच आकडा कुठे आहे? २०, २५, ३० असे गोल आकडे ओळीने येत असतील, तर ते मीटर कुणी वाचलेलं नाही, बसल्या जागी अंदाज लिहिला आहे. दिवसातून काही तासच पाणी येत असेल, तर पाण्याआधी निघणारी हवासुद्धा मीटर फिरवते आणि नोंद फुगते. ही साफसफाई केल्याशिवाय कोण किती पाणी वापरतो याचा तक्ता बनवू नका, कारण पुढचं सगळं दरपत्रक त्याच तक्त्यावर उभं राहणार आहे. तक्ता साधाच हवा: दर महिन्याला ५ हजार लिटरपर्यंत किती जोडण्या, ५ ते १० हजारांत किती, १० ते १५ हजारांत किती, आणि प्रत्येक गटात एकूण किती पाणी.

खर्च कुणामुळे होतो

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मला तीच सगळ्यात मोलाची वाटते.

पाण्याची यंत्रणा सरासरी वापरासाठी बांधत नाहीत. शुद्धीकरण केंद्र वर्षातल्या सर्वांत जास्त मागणीच्या दिवसाला पुरेल असं बांधतात. वाटपाच्या वाहिन्या आणि टाक्या त्या दिवसातल्या सर्वांत जास्त मागणीच्या तासाला, आणि आग विझवण्याच्या प्रवाहाला पुरतील अशा. म्हणजे पाणी किती वापरलं यासोबत ते कधी वापरलं यावरही खर्च अवलंबून असतो.

अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनने रूढ केलेल्या दोन पद्धतींपैकी ‘पायाभूत आणि जादा क्षमता’ ही पद्धत हाच विचार आकड्यांत मांडते. समजा कमाल दिवसाची मागणी सरासरीच्या दीडपट आहे. मग केंद्राच्या खर्चाचे दोन तृतीयांश पायाभूत, म्हणजे सगळ्यांनी वापराच्या प्रमाणात भरायचे, आणि एक तृतीयांश जादा क्षमतेचे. ते ज्यांच्यामुळे मागणी उसळते त्यांच्यावर पडतात. कमाल तासाची मागणी सरासरीच्या अडीचपट असेल, तर त्या हिशेबाने बांधलेल्या वाहिन्यांच्या खर्चातला ४० टक्केच भाग पायाभूत राहतो. ६० टक्के उसळीपायी होतो. वीज आणि रसायनं थेट पाण्याच्या प्रमाणात जातात. मीटर, वाचन, बिल छपाई, तक्रार केंद्र हा खर्च ग्राहकसंख्येनुसार जातो, मग तो ग्राहक एक बादली वापरो की हजार.

असं वाटप केलं की काही निष्कर्ष अनपेक्षित निघतात. दिवसरात्र एकसारखं पाणी घेणारा कारखाना दर मापामागे खर्चाला हलका पडतो. फक्त उन्हाळ्यात हिरवळीला पाणी घालणारा बंगला जड पडतो. तरीही बहुतेक शहरांत उद्योगांना घरगुतीच्या कितीतरी पट दर लावतात. लावायचा असेल तर लावा, तो धोरणाचा निर्णय आहे. पण तो खर्चातून निघालेला आहे असं सांगू नका, आणि एका धोक्याची नोंद ठेवा. फार ताणलं की उद्योग स्वतःची विंधणविहीर घेतो किंवा पाणी पुन्हा वापरायला लागतो. त्याच्या जोरावर इतरांना दिलेली सूट मग अधांतरी लटकते.

स्थिर आकार किती ठेवावा

वर्षाच्या १०० भागांत समजा वीज आणि रसायनं मिळून ३३ भाग आहेत. उरलेले ६७ पगार, कर्ज, नूतनीकरण, दुरुस्ती यांचे, आणि नळ उघडा वा बंद ठेवा, ते होणारच. आता दरपत्रकातून स्थिर आकाराचे, म्हणजे वापर कितीही असो, प्रत्येक बिलात येणाऱ्या ठरावीक रकमेचे, १० भाग आणि वापराच्या दरातून ९० भाग येतात असं धरा. वापर २० टक्के घटला तर जमा १८ भागांनी घटते, पण खर्च जेमतेम ६.६ भागांनी कमी होतो. ११.४ भागांचं भगदाड पडतं.

हे केपटाऊनमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०१५ मध्ये दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर पाणी वापरणारं शहर २०१८ च्या दुष्काळात सुमारे ५० कोटी लिटरवर आलं. नागरिकांनी विलक्षण शिस्त दाखवली आणि त्याच शिस्तीने महसूल खाली आला. जुलै २०१८ पासून शहराने मीटर किती मोठा आहे त्यानुसार स्थिर आकार लावला. पाणी वाचवलं म्हणून दंड, अशी लोकांची भावना झाली तर ती समजण्यासारखी आहे. म्हणूनच हे गणित दुष्काळापूर्वी मांडून लोकांना समजावणं शहाणपणाचं.

उलट टोकाला जाऊन ६७ भाग स्थिर आकारातून घेऊ नका. थोडं पाणी वापरणाऱ्या एकट्या माणसाचं बिल त्याने फुगतं आणि काटकसरीला काही बक्षीसच उरत नाही. माझ्या मते मीटर-बिलाचा सगळा खर्च आणि क्षमतेच्या खर्चाचा काही वाटा स्थिर आकारात घ्यावा, बाकी वापरावर टाकावा, आणि घटीचा धोका राखीव निधीने झेलावा.

स्थिर आकार सगळ्यांना सारखा असू नये. ५/८ इंची मीटरची सुरक्षित क्षमता मिनिटाला २० गॅलन धरतात, २ इंचीची १६०. मोठा मीटर यंत्रणेवर आठपट हक्क ठेवून बसलेला असतो, तेव्हा क्षमतेचा वाटाही आठपट घ्या. बिल छपाईचा खर्च मात्र आठपट होत नाही. तो सारखाच लावा.

टप्प्यांचे दर: सोयीचे, पण आंधळेपणाने नकोत

वापर वाढेल तसा दर चढत जाणारे टप्पे लोकप्रिय आहेत. पहिला टप्पा स्वस्त म्हणजे गरिबाला दिलासा, वरचा महाग म्हणजे उधळपट्टीला आळा, असं त्यामागचं गृहीतक. ते अर्धंच खरं आहे.

एक उदाहरण करून बघा. पहिल्या १५ हजार लिटरपर्यंत दर हजार लिटरला १, त्यापुढे ३. चार माणसांचं घर महिन्याला १८ हजार लिटर वापरतं. बिल १५ अधिक ९, म्हणजे २४. एकाच नळावर तीन कुटुंबांची बारा माणसं आहेत आणि ती मिळून ३६ हजार लिटर वापरतात. बिल १५ अधिक ६३, म्हणजे ७८. पहिल्या घरात माणशी साडेचार हजार लिटरला ६ पडतात. दुसरीकडे माणशी तीनच हजार लिटरला साडेसहा. कमी पाणी वापरणारा जास्त भरतो, आणि सामायिक नळावर सहसा कोण असतं हे वेगळं सांगायला नको. जिथे एका मीटरवर अनेक घरं आहेत तिथे टप्प्याची मर्यादा घरांच्या संख्येने गुणा. तेवढी नोंदच उपलब्ध नसेल तर टप्पे सोडून एकच दर लावलेला बरा.

पहिला टप्पा किती मोठा, हाही तितकाच नाजूक प्रश्न. तो ३० हजार लिटरचा ठेवला तर जवळजवळ सगळं शहर त्यातच मावतं, आणि सवलतीचा मोठा वाटा ज्यांना गरज नाही त्यांना जातो. मघाचा तक्ता इथे कामी येतो. पहिला टप्पा पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, शौचालय एवढ्या मूलभूत गरजेपुरता ठेवा. दोन किंवा तीन टप्पे पुरेत. पाच-सहा टप्पे कागदावर न्यायाचे वाटतात, पण आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे ग्राहकाला कळत नाही आणि दराचा संकेत वाया जातो.

वरच्या टप्प्याचा दरही मनाने ठरवू नका. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९९६ मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव २१८’ या कायद्यानुसार सेवेच्या खर्चापेक्षा जास्त आकार घेता येत नाही. सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या शहराने लावलेले चढते टप्पे प्रत्यक्ष खर्चाशी जोडून दाखवता आले नाहीत, म्हणून तिथल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये ते बेकायदा ठरवले. न्यायालयाने टप्पे नाकारले नव्हते, हिशेबाशिवायचे टप्पे नाकारले होते. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी ही कसोटी स्वतःला लावून बघा. कमाल मागणीचा जादा खर्च किंवा लांबून आणलेल्या महाग पाण्याचा खर्च वरच्या टप्प्यावर टाकला, तर तो दर खर्चातूनच निघतो आणि टिकतो.

सांडपाण्याचं गणित वेगळं

नळाला मीटर असतो, मलवाहिनीला सहसा नसतो. म्हणून सांडपाणी मोजायचं ते पाण्याच्या वापरावरून. घरात आलेल्या पाण्याचा बराचसा भाग, ८० ते ९० टक्के, परत जातो असं धरण्याची पद्धत आहे. मोठं अंगण असलेल्या घराला हे प्रमाण अन्यायाचं ठरतं, कारण झाडांना घातलेलं पाणी मलवाहिनीत येत नाही. अमेरिकेतली अनेक शहरं यासाठी हिवाळ्यातल्या महिन्यांचा सरासरी वापर घेऊन त्यावर वर्षभराचा सांडपाणी आकार लावतात. बागकाम थंडावतं तेव्हाचा वापर म्हणजे घरातला वापर, असं सरळ गणित. उलट बाजूला, पाणी स्वतःच्या विहिरीचं पण सांडपाणी शहराच्या वाहिनीत, असे ग्राहक प्रत्येक शहरात निघतात. नळाच्या बिलावर सांडपाणी आकार टक्क्याने लावला की ते पूर्ण सुटतात. त्यांच्या विहिरीवर मीटर किंवा खोल्यांनुसार ठरावीक आकार हवाच.

किती पाणी आलं याइतकंच ते किती घाण आहे हेही महत्त्वाचं. प्रक्रिया केंद्रातली हवा फुंकणारी यंत्रं विजेचा मोठा घास घेतात, आणि ती किती चालवायची हे पाण्यातल्या सेंद्रिय भारावर ठरतं. गाळ किती निघेल हे तरंगत्या घन पदार्थांवर. घरगुती सांडपाण्याच्या तिप्पट-चौपट भाराचं पाणी सोडणाऱ्या कारखान्याने घराइतकाच दर भरला, तर त्याची सफाई बाकीचे आपल्या पैशाने करतात. इंग्लंडमध्ये उद्योगांसाठी वापरलं जाणारं मॉगडेन सूत्र याचं उत्तम उत्तर आहे. त्यात वाहून नेण्याचा आणि प्राथमिक प्रक्रियेचा खर्च नुसत्या घनफळावर लावतात. जैविक प्रक्रियेचा खर्च त्या कारखान्याच्या सांडपाण्याचा भार शहराच्या सरासरी भाराच्या किती पट आहे यावर, आणि गाळाचा खर्च त्यातल्या घन पदार्थांच्या त्याच गुणोत्तरावर. सूत्र वापरायचं तर नमुने अचानक, वेगवेगळ्या वेळी घ्या. रविवारी दुपारी घेतलेला नमुना काही सांगत नाही.

पावसाचं पाणी ही तिसरी गोष्ट. छतं आणि फरसबंदीवरून धावणाऱ्या पाण्याचा नळाच्या वापराशी काही संबंध नसतो. मोठं वाहनतळ असलेलं दुकान पाणी जेमतेम वापरतं, पण पावसात नाले तेच भरतं. जर्मनीत म्हणून सांडपाण्याचं शुल्क विभागून आकारतात: घाण पाण्याचं नळाच्या वापरावर आणि पावसाच्या पाण्याचं पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर. फरशी काढून माती मोकळी केली की शुल्क घटतं. ही नोंद पहिल्यांदा करायला कष्ट पडतात, पण एकदा झाली की बरीच वर्षं पुरते.

ज्याला परवडत नाही त्याचं काय

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. त्याचा अर्थ पाणी फुकट असा होत नाही. पैशाअभावी कुणी त्याला मुकू नये, असा होतो.

परवडणं मोजताना सरासरी वा मध्यम उत्पन्नावर थांबू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अनेक वर्षं मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या पाण्यासाठी २.५ टक्के आणि सांडपाण्यासाठी २ टक्के असे मापदंड वापरले. त्यावरची टीका रास्त होती: मधल्या कुटुंबाला परवडतं म्हणून तळातल्याला परवडेल असं नाही. तुम्ही सर्वांत कमी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबाचं बिल काढून बघा.

मदतीचे रस्ते निरनिराळे आहेत. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून प्रत्येक घराला महिन्याला ६ हजार लिटर मोफत देण्याचं धोरण घेतलं. आठ माणसांच्या घरात ते माणशी दिवसाला २५ लिटर होतं. जोहान्सबर्गमधल्या सोवेटो भागातल्या रहिवाशांनी हे अपुरं असल्याचं सांगत नेलेला खटला २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचला आणि तिथे ते हरले. पण घराला धरून दिलेली सवलत मोठ्या कुटुंबाला अपुरी पडते, हा त्यांचा मुद्दा आजही विचारात घ्यावा असाच आहे. चिलीत दर खर्चाइतके ठेवून गरजू घरांच्या बिलाचा ठरावीक वापरापर्यंतचा काही हिस्सा सरकार भरतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २०१७ मध्ये उत्पन्नाशी जोडलेलं बिल सुरू केलं.

मला चिलीचा रस्ता सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण सवलतीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो आणि पाणी विभागाच्या वहीत त्याची सरमिसळ होत नाही. पण त्यासाठी गरजूंची विश्वासार्ह यादी लागते. ती नसेल तर छोटा स्वस्त पहिला टप्पा आणि वस्तीनिहाय सवलत हाच व्यवहार्य मार्ग. आणि ज्या घरांना जोडणीच नाही, त्यांना स्वस्त दराचा काडीचा उपयोग नाही. ती टँकरचं पाणी कितीतरी महाग भावाने घेत असतात. त्यांच्यासाठी जोडणीचं शुल्क हप्त्यांत करणं ही दरातल्या सवलतीपेक्षा मोठी मदत.

मंजुरीआधी दरपत्रकावर ताण देऊन बघा

दर वाढला की वापर थोडा घटतो. घरगुती वापर दराच्या मानाने कमी हलतो. समजा दर १० टक्के वाढला आणि वापर ३ टक्के घटला, तर महसूल १० टक्के न वाढता ६.७ टक्केच वाढतो. ही घट धरलेली नसेल तर अंदाजपत्रक पहिल्याच वर्षी तुटीत जाईल.

त्याशिवाय निदान तीन वाईट शक्यता घालून बघा: वापर १५ टक्के घटलेलं दुष्काळी वर्ष, वीजदरात मोठी वाढ, आणि सर्वांत मोठा ग्राहक गेला तर. मग जुन्या आणि नव्या दराने सात-आठ नमुना बिलं काढा: एकट्या ज्येष्ठाचं घर, चौघांचं घर, सामायिक नळ, चहाचं दुकान, मोठं हॉटेल, कारखाना, शाळा. कुणाचं बिल एकदम दुप्पट होत असेल तर ती वाढ दोन-तीन वर्षांत विभागा, पण तीनही वर्षांचे दर एकाच ठरावात मंजूर करून घ्या. दरवर्षी नव्याने मंजुरी मागायची ठेवली, तर निवडणुकीच्या वर्षी ती मिळत नाही.

लोकांपुढे जाताना

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेल्यावर २००० सालच्या सुरुवातीला दर एकदम वाढले. एप्रिलपर्यंत आंदोलन एवढं पेटलं की करार रद्द करावा लागला. आयर्लंडमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेले घरगुती पाणी आकार प्रचंड विरोधानंतर २०१६ मध्ये स्थगित झाले आणि भरलेले पैसे परत करावे लागले. दोन्हीकडची कारणं वेगळी होती, पण हिशेब आणि सेवेतली सुधारणा दिसण्याआधी बिल दाराशी आलं, हे दोन्हीकडे खरं होतं.

म्हणून सुनावणीच्या निदान दीड महिना आधी सगळा हिशेब प्रसिद्ध करा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही ४५ दिवसांची मुदत आहे. दोन पानी सोपा सारांश काढा, त्यात नमुना बिलं छापा, आणि वाढीतला प्रत्येक भाग कुठे जाणार ते लिहा: एवढे वीजबिलाला, एवढे अमुक भागातली वाहिनी बदलायला. गळती आणि वसुलीचे आकडे न विचारता सांगा. सुनावणीत आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या आणि एखादी हरकत बरोबर असेल तर दरपत्रक खरंच बदला.

लागू झाल्यावर

बिलावर स्थिर आकार, वापराचा आकार, सांडपाणी आकार आणि मिळालेली सवलत वेगळ्या ओळींत छापा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा वापर शेजारी द्या. गळतीमुळे अचानक फुगलेल्या बिलासाठी दुरुस्तीची पावती दाखवल्यावर एकदा सूट देण्याचा नियम आधीच करून ठेवा, नाहीतर तो निर्णय ओळखीपाळखीवर होऊ लागतो. थकबाकीसाठी हप्ते द्या, पण हप्ते चुकवणाऱ्या मोठ्या थकबाकीदारापासून कारवाईला सुरुवात करा. छोट्या घराचा नळ तोडून मोठ्यांना मोकळं सोडलं की वसुली पुन्हा घसरते.

पहिली दोन बिलं निघाली की अंदाज आणि प्रत्यक्ष जमा गटवार ताडून बघा. तफावत ५ टक्क्यांवर असेल तर वर्ष संपायची वाट बघू नका: कोणत्या गटात वापर घटला, कुठे मीटर वाचले गेले नाहीत, कुठे बिल निघालं पण पोचलं नाही, हे त्याच महिन्यात शोधा आणि राखीव निधीतून किती उचलावं लागेल ते लेखा विभागाला कळवा.